बिनदुधाची बाळंतीण

आमच्याकडे बाळंतिणीवर प्रेम करायचं म्हणजे तिला तूप वाढायचं. डिंकाचे लाडू तुपात, शिरा तुपात, हळिवाची खीर दुधात, शतावरी कल्प दुधात, आणि यातलं काहीच नको असेल तर "निदान कपभर गरम दूध तरी घे गं!" अशा घरात, लेक सात आठवड्यांची असताना मला दूध आणि दुधाचं झाडून सगळं सोडावं लागलं. तेव्हा जे कळलं ते आज शनिवारी जरा निवांत लिहून काढतेय.

झालं असं, की एके दिवशी तिच्या शीमध्ये रक्ताचे बारीक धागे दिसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा, सोबत चिकट आव. (जेवताना वाचत असाल तर सॉरी. पण नवीन आईबापांचा दिवसभराचा विषय हाच असतो :-) ) बाकी बाईसाहेब मजेत. ताप नाही, वजन वाढतंय. डॉक्टरांनी जंतुसंसर्ग नाही, शीच्या जागी चीर नाही हे बघून घेतलं आणि म्हणाले, "गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असावी. तुमचं दूध चालू ठेवा. तुमच्या खाण्यातलं दूध मात्र बंद."

"पण ती तर फक्त माझंच दूध पितेय!"

मेख इथेच आहे. गाईच्या दुधात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाचं एक प्रथिन असतं, जे माणसाच्या दुधात मुळात नसतंच. पण आईने गाईचं दूध घेतलं, की त्याचा अगदी सूक्ष्म अंश (मिलिलिटरमागे काही नॅनोग्रॅम वगैरे) तिच्या आतड्यातून रक्तात आणि तिथून तिच्या दुधात उतरू शकतो. बहुतेक बाळांना त्याचा पत्ताही लागत नाही. एखाद्याचं आतडं मात्र चिडतं. म्हशीच्या आणि शेळीच्या दुधातली प्रथिनं इतकी मिळतीजुळती, की ती पळवाटही बंद.

घरातल्या फोनाफोनीत या निरोपाचं "हिचं दूध बाधतंय बाळाला" असं झालं. भेटायला आलेल्या एक काकू तर म्हणाल्या, "मग पावडर सुरू कर ना, सुटशील." त्या रात्री तीन वाजता पाजताना मी रडले. आपल्या अंगातून लेकराला विष जातंय असं कुणी सुचवलं, की नॅनोग्रॅमचे हिशेब कामाला येत नाहीत. गंमत म्हणजे नेहमीची डब्यातली पावडर बनते गाईच्याच दुधापासून! म्हणजे जे थेंबाथेंबाने जात होतं ते बाटली भरभरून गेलं असतं. ॲलर्जीच्या बाळांसाठी प्रथिनाचे तुकडे केलेली वेगळी पावडर मिळते, पण ती महाग, आणि आम्हाला तिची गरजच नव्हती.

दुसरा सल्ला आला लॅक्टोज-फ्री दुधाचा. लॅक्टोज ही साखर, ॲलर्जी प्रथिनाची. आईच्या दुधातच 100 मिलिलिटरमागे साधारण 7 ग्रॅम लॅक्टोज असतं, आणि ते लेक आनंदाने पचवत होती.

सासूबाईंचं म्हणणं, हरभऱ्याची डाळ, बटाटा, वांगं, सगळंच बंद कर. इथे मात्र माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. बग शोधताना एका वेळी एकच ओळ बदलायची. पाच बदलल्या आणि प्रोग्रॅम चालला, तर कशामुळे चालला ते कधीच कळत नाही. म्हणून फक्त दूध बंद. नवऱ्याने रोजची एक्सेल शीट केली: तारीख, मी काय खाल्लं, लंगोट कसा निघाला.

तुपावरून मोठी चर्चा झाली. "तुपात कुठलं आलंय दूध?" इति सासूबाई. मी म्हटलं, "आई, कढवल्यावर खाली बेरी उरते ना, तो दुधाचाच भाग. गाळलं तरी थोडा राहतो." त्या गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी डिंक खोबरेल तेलात तळला आणि नाचणीचं सत्त्व नारळाच्या दुधात शिजवलं. म्हणाल्या, "हेही दूधच." मूळच्या कोकणातल्या आहेत, तुपाला काढलेला पर्याय त्यांच्याच माहेरचा निघाला. बिस्किटं, पाव, ढोकळ्यातलं ताक, पाकिटावरची 'मिल्क सॉलिड्स' ही बारीक अक्षरं... सगळं वाचायची सवय लागली. सोबत डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या.

दहाव्या दिवशी रक्त थांबलं. हुश्श!

पण महत्त्वाची पायरी यानंतरची, आणि तीच बऱ्याचदा गाळली जाते. चार आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, "आता दूध पिऊन बघा." घरात सगळे हादरले. चाललेलं कशाला बिघडवायचं? पण असे रक्ताचे धागे कधीकधी आपोआपही थांबतात. या प्रकारच्या ॲलर्जीत रक्ततपासणी काही सांगत नाही. दूध बंद करून बरं वाटणं हा अर्धाच पुरावा, पुन्हा सुरू केल्यावर त्रास परत येणं हा उरलेला अर्धा. मी दूध प्यायले. तिसऱ्या दिवशी धागा दिसला. निदान पक्कं झालं, आणि पुढचे महिने सणासुदीला श्रीखंड नाकारताना मनात शंका उरली नाही. धागा दिसला नसता, तर त्याच संध्याकाळी वरणभातावर तूप आलं असतं!

(दूध पोटात गेल्याबरोबर अंगावर गांधी, उलट्या, श्वासाला त्रास असं काही होत असेल, तर हा प्रयोग घरी अजिबात करू नये. ती ॲलर्जी वेगळ्या जातीची.)

लेक वर्षाची झाल्यावर डॉक्टरांना विचारून आधी बिस्किटात भाजलेलं दूध दिलं, मग दही, मग साधं दूध. या प्रकारची बहुतेक बाळं वर्षाच्या आसपास यातून बाहेर पडतात. आमचीही पडली. आता दहीभाताचा सडा घालते घरभर.

असो. एवढ्यासाठीच लिहिलं, की अशा वेळी बाळंतिणीच्या ताटातून एकेक वस्तू काढायला सगळे तयार असतात, आणि ती परत कधी ठेवायची हे विचारायचं राहून जातं. पाजणाऱ्या बाईला भूक प्रचंड लागते हो. तेव्हा कुणी "हे बंद कर" म्हणालं, की त्याच भेटीत विचारा: "आणि परत खाऊन कधी बघायचं?" तारीख घेऊनच उठा.