बोरघाटांतील खेकडा

इतिहास म्हटला कीं आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें राजे, लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. सातारा ही तर छत्रपतींची राजधानी. अजिंक्यताऱ्याच्या सावलींत वाढणाऱ्या मुलांस तसें वाटावें यांत नवल नाहीं. परंतु ज्याच्या नांवाचा पोवाडा कोणीं रचला नाहीं अशा एखाद्या लोखंडी यंत्रासहि इतिहास असतो, आणि त्यांतहि पराक्रम, कष्ट व अन्याय हीं तिन्ही सांपडतात. सांगली-साताऱ्याकडून मुंबईस जातांना आपली गाडी जो बोरघाट उतरते, त्या घाटांत अनेक वर्षें राबलेल्या एका विजेच्या एंजिनाची हकीकत आज सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

घाटाची गोष्ट आधीं सांगितली पाहिजे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनें मुंबईहून ठाण्यापर्यंतचा पहिला मार्ग १८५३ सालीं खुला केला; परंतु देशावर यावयाचें तर सह्याद्रीची भिंत आडवी होती. मुख्य एंजिनिअर जेम्स बर्कले यांनीं आखलेल्या बोरघाटाच्या मार्गाचें काम १८५६ सालीं सुरू झालें आणि १८६३ च्या एप्रिल महिन्यांत तो मार्ग खुला झाला. सुमारें सोळा मैलांत १८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे, आणि कांहीं ठिकाणीं सदतीस फुटांस एक फूट असा खडा चढाव! १८६१ सालीं तर चाळीस हजारांहून अधिक मजूर या डोंगरांत राबत होते. पटकीनें व तापानें त्यांपैकीं हजारों मेले. सॉलोमन ट्रेडवेल नांवाचा कंत्राटदार १८५९ सालीं विलायतेहून आला व थोड्याच आठवड्यांत वारला. तेव्हां त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनें तें कंत्राट पुढें चालवून काम तडीस नेलें. स्वतः बर्कले हेहि १८६२ सालीं, मार्ग पुरा होण्यापूर्वींच, निधन पावले. या तिघांचीं नांवें ग्रंथांत राहिलीं आहेत. मजुरांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत.

या घाटांत पुढील सहासष्ट वर्षें वाफेच्या एंजिनांनीं गाड्या ओढल्या. "आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार" असें आपण म्हणतों. वाफेच्या एंजिनाची अडचण अशी कीं त्याला आपला आडच पाठीवर घेऊन डोंगर चढावा लागे. कोळसा बरोबर, पाणी बरोबर, बाष्पपात्र बरोबर. आणि या सर्वांचें वजन वर नेण्यासाठीं आणखी कोळसा. बोगद्यांत धूर कोंडे. त्यांतच मध्यें एक उलट फिरण्याचें स्थानक होतें. तेथें डोंगराच्या कडेवर मार्ग संपे. मग एंजिन सोडून गाडीच्या दुसऱ्या टोकास जोडावें आणि आलेल्या दिशेस पाठ करून पुढची चढण चढावी, असा क्रम असे. मालाची वाहतूक वाढली तशी ही रीत पुरी पडेना.

विजेचा उपाय पुढें आला तो असा. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गानें हिंदुस्थानांतील पहिली विजेची गाडी धावली. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें तो समारंभ झाला. तारेंतील वीज १५०० व्होल्ट दाबाची, एकाच दिशेनें वाहणारी अशी होती. पुढें कल्याणपर्यंत, व तेथून एका बाजूस इगतपुरीपर्यंत व दुसऱ्या बाजूस पुण्यापर्यंत, तारा नेण्याचें ठरलें. त्याच वेळीं बोरघाटांत नवी वळणें व नवे बोगदे काढून १९२९ सालीं तें उलट फिरण्याचें स्थानक बंद करण्यांत आलें.

आतां तारेखालीं चालण्यास एंजिन हवें. ज्या देशांत डोंगरांखेरीज दुसरें कांहीं फारसें नाहीं त्या स्वित्झर्लंडनें हा प्रश्न नुकताच सोडविला होता. पहिल्या महायुद्धांत त्या देशास परदेशचा कोळसा मिळेनासा झाला. धबधबे मात्र घरचे होते. म्हणून तेथील लोकांनीं आल्प्स पर्वतांतील गॉटहार्ड मार्गावर वीज आणली आणि १९१९ पासून विंटरथूर येथील कारखान्यांत एक विलक्षण एंजिन घडविलें. त्याचें अंग तीन तुकड्यांचें. मधल्या भागांत चालक, आणि पुढें-मागें लांब नाकाडें. वळणांतून तें वांकत जाई, म्हणून लोकांनीं त्याला मगर हें नांव दिलें.

आपल्या घाटासाठीं १९२८-२९ सालीं जीं मालगाड्यांचीं एंजिनें आलीं तीं याच मगरीचीं भावंडें होत. रेल्वेच्या दप्तरांत त्यांच्या जातीस 'ईएफ-१' म्हणत. स्वातंत्र्यानंतर तीच जात 'डब्ल्यूसीजी-१' या नांवानें ओळखली जाऊं लागली. एकंदर एंजिनें ४१. त्यांपैकीं दहा विंटरथूरच्या त्याच कारखान्यांत बांधलेलीं व एकतीस इंग्लंडांतील व्हल्कन फाउंड्रीचीं. आंतील विजेचें काम मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनीचें. एकेकाचें वजन सुमारें सव्वाशें टन व शक्ति सुमारें २६०० अश्वांची. पुढें-मागें दोन गाडे, प्रत्येक गाड्यास चाकांच्या तीन जोड्या, आणि त्या तिन्ही जोड्या वाफेच्या एंजिनाप्रमाणें लोखंडी दांड्यांनीं एकमेकींस बांधलेल्या. ही बांधणी उगीच नव्हे. पावसाळ्यांत ओल्या रुळांवर एखादी जोडी घसरूं लागली तर इतर दोन तिला धरून ठेवतात. शाळेच्या मैदानांत दोरखेंच खेळतांना एकाचा पाय सुटला तर बाकीच्यांच्या बळावर तो उभा राहतो, तसेंच हें.

या एंजिनाची दुसरी खुबी उतारावर दिसे. भरलेली मालगाडी लोणावळ्याहून कर्जतकडे उतरतांना तिला आवरणें हेंच मोठें काम. चाकांवर लोखंड दाबून धरावें तर तें तापून लाल होई व झिजे. या एंजिनांत मात्र अशी योजना होती कीं उतारावर चाकें फिरत असतां त्यांच्या मोटारीच वीज निर्माण करीत, आणि ती वीज पुन्हां वरच्या तारेंत जाई. गाडीचा वेग आवरला जाई आणि त्याच वेळीं चढणाऱ्या दुसऱ्या गाडीस हातभार लागे. उतरणाऱ्यानें चढणाऱ्यास वर ओढावें, हा प्रकार विज्ञानाच्या तासास समजावून सांगतांना आम्हांस दर वर्षीं नव्यानें आनंद होतो.

या जातीच्या एका एंजिनास गव्हर्नरसाहेबांचेंच 'सर लेस्ली विल्सन' हें नांव देण्यांत आलें. परंतु घाटांत काम करणाऱ्यांच्या तोंडीं तें कधीं बसलें नाहीं. आमचे एक मामा लोणावळ्यास रेल्वेच्या नोकरींत होते. सुटींत आम्ही त्यांच्याकडे जात असूं तेव्हां तीं एंजिनें म्हातारीं झालीं होतीं. मामांच्या तोंडीं त्यांस एकच नांव होतें, तें म्हणजे खेकडा. उभें असतांना तें एंजिन एखाद्या दुखणाइतासारखें कण्हे, आणि चालूं लागलें कीं दांड्यांची सळसळ ऐकूं येई. आम्हीं एकदां पितळी पाटीवरील नांवाविषयीं विचारलें, तेव्हां मामा म्हणाले, "अरे बाळा, त्या लाटसाहेबाला आम्ही कुणी पाहिलं नाही. श्रावणाच्या झडीत रात्री दोन वाजता गाडी वर नेई तो आमचा खेकडा." स्वित्झर्लंडांत जी मगर होती ती सह्याद्रींत येतांच खेकडा झाली, हें आम्हांस फार योग्य वाटतें. डोंगराळ ओढ्याकांठच्या माणसाला ओळखीचा प्राणी तोच.

प्रवाशांच्या गाड्यांसाठीं निराळी जात होती. 'ईए-१' या जातीचीं बावीस एंजिनें आलीं. तीं ताशी ८५ मैल वेगानें धावण्याजोगीं होतीं. १ जून १९३० रोजीं सुरू झालेली दख्खनची राणी तीं ओढीत. पुढें त्यांपैकीं एकास १९३७ ते १९४३ या काळांत गव्हर्नर असलेल्या सर रॉजर लम्ले यांचें नांव मिळालें. राणीची कीर्ति सर्वतोमुखीं झाली. परंतु मुंबईचें धान्य, कापूस, तेल व लोखंड ज्यांनीं वर-खालीं केलें ते खेकडे मागील मार्गावर कण्हतच राहिले. संसारांतहि असें पुष्कळदां घडतें.

ही वीज येई कोठून? हार्बर मार्गास ती टाटांच्या जलविद्युत् कारखान्यांकडून मिळे. त्यांचीं केंद्रें खोपोलीस १९१५ सालीं, भिवपुरीस १९२२ सालीं व भिऱ्यास १९२७ सालीं चालूं झालीं. घाटासाठीं रेल्वेनें कल्याणजवळ ठाकुर्ली येथें चोळे विद्युत्गृह बांधलें व तेथें कोळसा जाळून वीज काढली. भिऱ्यास जाणारें पाणी मुळशीच्या धरणाचें. त्या धरणाखालीं जाणाऱ्या जमिनींसाठीं १९२१ ते १९२४ या काळांत मावळ्यांनीं सत्याग्रह केला व सेनापति बापट त्याचे पुढारी होते, हें आमच्या मुलांनीं विसरूं नये. नंतर आपल्याच जिल्ह्यांत कोयना अडली. पूर्वीं तिचें सारें पाणी कऱ्हाडास कृष्णेला मिळे. १९६२ पासून त्यांतील बरेंचसें डोंगर पोखरून पश्चिमेस पोफळीकडे सोडण्यांत आलें व त्याची वीज मुंबईकडे जाऊं लागली. खोऱ्यांतील गांवें पाण्याखालीं गेलीं आणि कित्येक कुटुंबांस दूरच्या जिल्ह्यांत नवें घर मांडावें लागलें.

हा भाग शिकवीत असतां नववीच्या वर्गांतील एक मुलगी उठली. तिचें घराणें मूळचें कोयनाकांठचें, आतां सांगलीकडे स्थायिक झालेलें. तिनें विचारलें, "सर, आमच्या गावच्या पाण्यावर मुंबईत दिवे लागले, कारखाने चालले. मग आमच्या आजोबांच्या घरी दिवा केव्हा लागला?" वर्ग शांत झाला. आम्हीं तो प्रश्न फळ्यावर लिहिला, तसाच आठवडाभर राहूं दिला, आणि सर्वांस सांगितलें कीं घरीं जाऊन हाच प्रश्न विचारा.

पुढच्या आठवड्यांत जीं उत्तरें आलीं त्यांनीं आमचा तास पुरला नाहीं. त्या मुलीच्या आजोबांनीं सांगितलें कीं नव्या वस्तींत खांब आले, पण तारेस वीज येण्यापूर्वीं त्यांच्या दोन मुली रॉकेलच्या चिमणीवर अभ्यास करून शाळा संपवून गेल्या. दुसऱ्याच्या पणजोबांनीं गिरणगांवांत तीस वर्षें माग चालविला व शिमग्यास गांवीं येतांना घाट लागला कीं खिडकीबाहेर डोकावण्याची त्यांस संवय होती. एकाची आजी म्हणाली कीं आमच्या वेळीं पुण्यास उतरून लहान गाडी धरावी लागे, आणि गांवीं पोंचेपर्यंत पांढऱ्या लुगड्याचें काळें होई. ती लहान गाडी म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेनें पुण्याहून सातारा रोड, कऱ्हाड, मिरज असा घातलेला मीटर रुंदीचा मार्ग. १९७० च्या सुमारास तो रुंद झाला. विजेच्या तारा त्यावर आल्या त्या अलीकडच्या कांहीं वर्षांत. म्हणजे पुण्यापर्यंत १९३० च्या सुमारास पोंचलेली वीज आपल्या स्थानकांपर्यंत यावयास सुमारें नव्वद वर्षें लागलीं. आजीबाईंच्या काळ्या लुगड्यांत हा नव्वद वर्षांचा हिशेब जसा आम्हांस दिसला, तसा तो कोणत्याहि कोष्टकांत दिसला नसता.

तथापि नुसती तक्रार करून इतिहास पुरा होत नाहीं. ज्या काळांत विजेचें एंजिन समुद्रापलीकडून आणावें लागे त्याच काळांत, कुंडलजवळच्या माळावर १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं कारखाना उभारला व आपल्याच खेड्यांतील माणसांच्या हातून लोखंडी नांगर व यंत्रें घडविलीं. आज देशांत विजेचीं एंजिनें देशांतच तयार होतात. हें कोणा एका पुरुषाचें काम नव्हे. मोजतां न येणाऱ्या हातांचें आहे.

आमच्या खेकड्याचा शेवट शांतपणें झाला. नवीं, अधिक बळाचीं एंजिनें आलीं तशीं यांस घाटांतून काढून मुंबईस रिकामे डबे इकडून तिकडे नेण्याचें हलकें काम देण्यांत आलें. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तेंहि संपलें. ज्या १५०० व्होल्टांच्या पद्धतीवर तीं चालत ती पद्धतिहि २०१६ सालीं मुंबईंतून गेली. आतां सर्वत्र पंचवीस हजार व्होल्टांची वीज आहे. बहुतेक खेकडे मोडींत निघाले. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत या जातीचें एंजिन जपून ठेविलेलें आहे. सहलीस जाल तेव्हां त्याच्या दांड्या अवश्य पहा.

शेवटीं पालकांस एक विनंति. संग्रहालयांत एंजिन राहतें, पण तें चालविणारा, त्याखालीं रूळ ठोकणारा, त्याच्या विजेसाठीं शेत सोडून जाणारा तेथें राहत नाहीं. तो आपल्या ओटीवर बसलेला असतो आणि त्यास कोणी विचारीत नाहीं. आपल्या घरच्या वडील मंडळींनीं कोणतें काम केलें, कोणत्या गाडीनें प्रवास केला, घरीं पहिला दिवा कोणत्या सालीं लागला, एवढें मुलांस सांगावें. मुलांनीं तें वहींत लिहून तारीख घालावी. पुढील वर्षाच्या अंकासाठीं अशा वह्या आमच्याकडे आल्या तर त्यांतील निवडक भाग आम्ही आनंदानें छापूं. फळ्यावरचा तो प्रश्न आम्हीं पुसला आहे, परंतु त्याचीं उत्तरें अजून येत आहेत.