नव्या आराधनागीतांमागचा विश्वास

गार्डन रीच, कोलकाता
रविवार, सायंकाळ

चि. भाचीस,


आराधनागीत म्हणजे मंडळीने देवाला उद्देशून एकत्र गायचे गीत. त्याचे एक नवे रूप गेल्या पन्नास-साठ वर्षांत जगभर रुजले आहे. कडवी थोडी, ध्रुपद सोपे आणि पुन्हा पुन्हा येणारे, शेवटाकडे सूर चढवणारा एक वेगळा तुकडा, ज्याला गाणारी मुले ‘ब्रिज’ म्हणतात. साथीला गिटार, कीबोर्ड आणि ड्रम असतात आणि शब्द पडद्यावर दिसतात. एक गीत संपता संपता दुसरे सुरू होते आणि पंधरा-वीस मिनिटे गायन सलग चालते. तरुण संघांत याला नुसते ‘वर्शिप’ म्हणतात. ही गीते आता इतकी घरोघर पोचली आहेत की पुष्कळ तरुण विश्वासणाऱ्यांचे देवाविषयीचे ज्ञान उपदेशापेक्षा गीतांतूनच घडते. म्हणून त्यांच्या चालीइतकाच त्यांतल्या शिकवणीचा विचार व्हायला हवा.

या रूपाची सुरुवात १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात झाली. घर सोडून भटकणारी, रॉक संगीतात वाढलेली अनेक तरुण मुले तेव्हा ख्रिस्ताकडे वळली. जुनी ऑर्गनवरची गीते त्यांना परकी वाटत होती, म्हणून त्यांनी गिटारवर साधी गीते रचली. कोस्टा मेसा येथील कॅल्व्हरी चॅपल ही मंडळी त्यांचे केंद्र होती आणि तिच्यातूनच १९७१ मध्ये ‘मरानाथा म्युझिक’ ही संस्था निघाली. पुढे ऑस्ट्रेलियातील हिलसाँग मंडळीची गीते जगभर गेली. डार्लीन झेक यांचे ‘शाउट टू द लॉर्ड’ हे त्यांपैकी १९९३ चे. इंग्लंडमध्ये मॅट रेडमन, उत्तर आयर्लंडमध्ये कीथ गेटी, नायजेरियात सिनाच असे गीतकार पुढे आले. रोमन कॅथलिक मंडळीत वाट वेगळी होती, पण काळ तोच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना मोकळीक दिली आणि लॅटिन मिस्सेच्या जागी वसईसारख्या भागात मराठी मिस्सा व मराठी गीते आली.

या गीतांतला पहिला संदेश देवाच्या थोरवीचा आहे. देव निर्माता आहे, राजा आहे, आश्रयाचा गड आहे, ही स्तोत्रसंहितेतली भाषा ‘शाउट टू द लॉर्ड’मध्ये आणि त्याच्या मागून आलेल्या शेकडो गीतांत ऐकू येते. सिनाच यांचे २०१५ चे ‘वे मेकर’ जवळजवळ संपूर्णपणे देवाच्या नावांचे गीत आहे. देव काय करतो यावरून ते त्याला नावे देते आणि त्या नावांनी त्याला हाक मारते. २०२० च्या महासाथीत ते अनेक देशांत गायले गेले, कारण मार्ग बंद झालेल्या माणसाला नेमका तोच विश्वास हवा होता.

दुसरा संदेश वधस्तंभाचा आणि कृपेचा. गेटी आणि स्टुअर्ट टाउनएंड यांच्या २००१ च्या ‘इन क्राइस्ट अलोन’ या गीतात ख्रिस्ताचा देहधारी जन्म, मरण, पुनरुत्थान आणि त्यातून विश्वासणाऱ्याला मिळणारी खात्री क्रमाने येते. चार कडव्यांत विश्वासाचा सारांश बसवलेले हे गीत आहे. वधस्तंभावर देवाचा क्रोध शमला असे सांगणारी त्यातली एक ओळ अमेरिकेतील एका प्रेस्बिटेरियन गीतपुस्तकाच्या समितीला बदलून हवी होती. क्रोधाऐवजी तिथे प्रेमाचा उल्लेख असावा, असे तिचे म्हणणे होते. गीतकारांनी परवानगी दिली नाही आणि २०१३ च्या त्या पुस्तकात गीत आले नाही. ख्रिस्ताच्या मरणाने नेमके काय साधले हा शतकानुशतकांचा प्रश्न त्या एका ओळीत उभा होता. गीत विश्वास शिकवते हे दोन्ही बाजूंना मान्य होते, म्हणून तर ओळीसाठी एवढा आग्रह झाला.

तिसरा संदेश समर्पणाचा. वॉटफर्डच्या एका मंडळीत वाद्ये आणि ध्वनियंत्रणा यांना महत्त्व आल्याचे जाणवल्यावर पाळकांनी काही काळ दोन्ही बंद ठेवली आणि लोकांनी नुसत्या आवाजात गायचे ठरवले. त्या अनुभवातून रेडमन यांचे ‘द हार्ट ऑफ वर्शिप’ हे गीत निघाले. संगीत बाजूला ठेवल्यावर उरतो तो उपासक, आणि देवाला हवा आहे तोच, हा त्याचा आशय.

चौथा संदेश दुःखातल्या विश्वासाचा. मॅट आणि बेथ रेडमन यांचे ‘ब्लेस्ड बी युअर नेम’ ईयोबाच्या पहिल्या अध्यायातल्या उद्गारावर उभे आहे. सगळे गमावलेला ईयोब देणाऱ्या आणि घेणाऱ्या देवाला धन्य म्हणतो, तीच भूमिका गीत सुखात आणि दुःखात दोन्हीकडे लावते. २०११ च्या ‘टेन थाउजंड रीझन्स’ने १०३ व्या स्तोत्राचा आधार घेतला आहे. सकाळ, देवाचे दयाळू स्वरूप आणि शेवटी मरणाची घडी असा त्याचा प्रवास असल्यामुळे ते लग्नातही गायले जाते आणि अंत्यविधीलाही.

या संदेशांचे मूळ जुने आहे. फिलिप्पैकरांच्या पत्रातील दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताच्या नम्रतेचे आणि गौरवाचे जे वर्णन आहे, ते पहिल्या मंडळ्यांचे गीत असावे असे अनेक अभ्यासक मानतात. इसवी सन ११२ च्या सुमारास रोमन अधिकारी प्लिनी याने सम्राट ट्राजनला कळवले होते की ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. कलस्सैकरांना पौलाने गीतांच्या द्वारे एकमेकांना शिकवण्यास सांगितले. त्याही आधीची स्तोत्रसंहिता तर प्रार्थनेची शाळाच आहे. तिच्या १५० स्तोत्रांपैकी किमान एक तृतीयांश विलापाची आहेत. १३ वे स्तोत्र देवाला विचारते की हे किती काळ चालायचे. ५१ वे पापाची कबुली देते. २२ व्या स्तोत्राचा आरंभ येशूने वधस्तंभावर उच्चारला. ८८ वे तर अंधारातच संपते. नव्या आराधनागीतांची मोठी उणीव इथे दिसते. स्तुती आणि विजय त्यांत भरपूर आहेत. विलाप, पापांगीकार आणि न्यायाची हाक फार थोडी. ज्या मंडळीत फक्त आनंदगीते गायली जातात, तिथे नुकताच मुलगा गेलेल्या आईला गाण्याजोगे काही उरत नाही.

मराठी ख्रिस्ती गीताचा वारसा ही उणीव भरून काढू शकतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले; सुमारे अकरा हजार ओव्यांत त्यांनी तारणाची कथा मराठी कानाला पटेल अशी सांगितली. प्रॉटेस्टंट परंपरेचे पहिले मराठी शब्द मात्र हुगळीच्या काठावरून आले. मिशनरी विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालमध्ये आले. फोर्ट विल्यम कॉलेजात त्यांनी मराठी शिकवली, १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि १८११ मध्ये हुगळीकाठच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार काढला. त्याच श्रीरामपुरात डिसेंबर १८०० मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कृष्ण पाल सुतारकाम करीत आणि बंगालीत ख्रिस्ती गीते रचीत. परक्या चालींवरून देशी गीताकडे जाण्याचा बंगालमधला हा एक सुरुवातीचा टप्पा होता.

महाराष्ट्रात मिशनऱ्यांच्या पहिल्या गीतपुस्तकांत पाश्चात्त्य चालींवर बसवलेली भाषांतरे पुष्कळ होती. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन आणि भजन रुजवले. मराठी ख्रिस्ती गीताला खरी उंची दिली ती नारायण वामन टिळकांनी. त्यांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. १८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले असता एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि तो वाचण्याचे वचन घेतले. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या आगगाडीच्या प्रवासाचा मार्ग बंगाल नागपूर रेल्वेचा होता. त्याच कंपनीचे मुख्यालय पुढे गार्डन रीचला आले. १९५५ पासून तिथे दक्षिण पूर्व रेल्वेचा कारभार आहे, आणि २००३ पर्यंत नागपूर विभागही तिथूनच चालत असे. विदर्भ आणि हुगळीचा काठ यांच्यातले नाते या रुळांनी जोडलेले आहे. छत्तीसगडच्या त्या गाडीत एका प्रवाशाच्या हाती पडलेल्या पुस्तकातून पुढे शेकडो मराठी गीते जन्मली.

टिळकांनी अभंग, ओवी आणि पदे यांच्या चालींत गीते लिहिली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते सांगत. त्यांच्या गीतांत ख्रिस्त गुरू आहे, माउली आहे, आणि गाणारा त्याच्या पायाशी बसलेला शिष्य आहे. नवे आराधनागीत जी जवळीक शोधते ती इथे आधीपासूनच आहे; सोबत विरहाची तळमळ, स्वतःच्या पापाची लाज आणि देशबांधवांविषयीची कळकळही आहे. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताच्या नावाने एकत्र येता यावे अशी त्यांची इच्छा होती. ९ मे १९१९ रोजी ते वारले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. आज ‘उपासना संगीत’ या मराठी गीतपुस्तकात टिळकांची गीते मोठ्या संख्येने आहेत, आणि निकोल मॅकनिकोल यांच्या भाषांतरांमुळे त्यांतली काही इंग्रजी गीतपुस्तकांतही गेली आहेत.

रेल्वेच्या बदल्यांमुळे गावापासून दूर गेलेल्या कुटुंबांच्या घरगुती प्रार्थनासभांत आज हे दोन्ही प्रवाह एकत्र येतात. मोठ्यांच्या हातात ‘उपासना संगीत’ असते, मुलांच्या हातात मोबाइलवरचे हिंदी-इंग्रजी कोरस. दोन्ही बाजूंनी एकमेकांना नाकारण्याची गरज नाही. नव्या गीतांनी देवाशी थेट बोलण्याचे धैर्य आणि सगळ्यांना लगेच सामील होता येईल असा साधेपणा दिला आहे. जुन्या गीतांनी शब्दांची खोली आणि विश्वासाचा विस्तार सांभाळला आहे. पडद्यावरचे कोरस दर वर्षी बदलतात. आजीने पाठ केलेली पदे मरणशय्येवरही आठवतात. तरुणांचा दोन्हींवर हक्क आहे, आणि ज्या घरात फक्त एकच प्रवाह पोचतो तिथे त्यांचा अर्धा वारसा हरवतो.

उपासनेसाठी गीते निवडणाऱ्याने म्हणून काही गोष्टी पाहाव्यात. गीतातला देव पवित्र शास्त्रातला आहे का, की नुसती सुखद भावना? ख्रिस्ताने काय केले हे त्यात आहे का, की फक्त गाणाऱ्याला काय वाटते एवढेच? महिन्याभरातल्या गीतांत स्तुतीसोबत पापांगीकार, विलाप आणि दुसऱ्यांसाठी विनंती येते का? ‘मी’सोबत ‘आम्ही’ आहे का? चाल मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या माणसाला गाता येते का, की फक्त माइकवर उभ्या असलेल्यांना? गाऊन झाल्यावर शेजाऱ्याशी, गरिबाशी, वैऱ्याशी वागण्यात काही फरक पडावा अशी मागणी गीत करते का? टिळकांना जिंकणाऱ्या डोंगरावरील प्रवचनातही हीच मागणी आहे. या कसोट्यांना उतरणारे गीत कोणत्या दशकातले आहे आणि कोणत्या वाद्यावर वाजते, हे मग दुय्यम ठरते. मंडळी जे वर्षानुवर्षे गाते, त्यावरच तिचा विश्वास वाढतो; म्हणून गीतांची निवड हे प्रार्थनापूर्वक आणि अभ्यासपूर्वक करायचे काम आहे.

तुझा,
मामा