देग



चौदा एप्रिल जवळ आला की वस्त्यावस्त्यांतून आपली पोरं हातभट्टी फोडायला निघतात. निळे झेंडे, हातात पहार, तोंडात बाबासाहेबांचं नाव. मीही जातो. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू पिणार नाही ही प्रतिज्ञा आहे आणि ती मी पाळतो. रसायनाचं बॅरल उलटं केलं की गटारभर आंबूस वास सुटतो, फोटो निघतात, घोषणा होतात. आठ दिवसांनी त्याच जागी पुन्हा धूर. हे का होतं यावर आपल्या बैठकीत कुणी बोलत नाही. म्हणून मी आज भट्टीच्या सामानाबद्दल लिहिणार आहे. कवितेच्या अंकात देग आणि नळी कशाला, असं कुणाला वाटेल. वाटू द्या.

मी सोलापुरात सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो. दिवसभर ज्या यंत्रापाशी उभा राहतो त्यातला एक बोल्टही माझा नाही. तेव्हा यंत्र कुणाच्या मालकीचं होऊ शकतं हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. आमच्या गल्लीतल्या बाईच्या नावावर कुठलं यंत्र येऊ शकतं ते मी मोजून बघितलं. पिठाची गिरणी घ्यायची तर जागा पाहिजे, मीटर पाहिजे. शिलाई मशीन घ्यायचं तर कर्ज, कर्जाला जामीन, जामिनाला नोकरीवाला पाव्हणा. आणि भट्टी? भंगारातली जर्मनची देग. थेंब धरायला लाकडी चाटू. एक नळी. वर गार पाण्याचं पातेलं. तीन दगडांची चूल. रसायन मुरवायला निळं प्लास्टिकचं बॅरल, ते आमच्याच रंगखात्यातून निघतं. काल त्यात केमिकल होतं, आज गूळ आणि नवसागर. दुकानदार गूळ उधारीवर देतो, दाखला मागत नाही. आमच्या माणसाला विनाअट उधार मिळणारं भांडवल हे एवढं एकच. शिकायला शाळा नाही लागत, सासू शिकवते.

पण ही किंमत दुकानातली झाली. उरलेली हप्त्यानं फेडायची असते. महिन्याचा हप्ता द्यायचाच, वर वर्षातून एक केस, तारखेला बुडालेली मजुरी, आणि धुरानं गेलेले डोळे. माझा बाप गिरणी बंद पडल्यावर पाच वर्षं पीत होता आणि त्यातच गेला. आमच्या घरानं भरलेला हप्ता तो. ज्या मावशीच्या भट्टीचं तो प्यायचा ती आजही आमच्यापासून चार घरं पलीकडे राहते. तिनंच त्याच्या मयताला पहिल्यांदा पाणी तापवलं.

कायदा काय म्हणतो ते नीट माहीत असू द्या. मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा, आता त्याला महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. त्यातल्या 65 व्या कलमाचा (फ) हा भाग नुसत्या सामानाबद्दल आहे. दारू सापडायला नको, दारू गाळायची देग आणि भांडी जवळ बाळगली तरी गुन्हा. त्याच्याही मागं जा. 1878 साली इंग्रजांनी मुंबई इलाख्यात अबकारी कायदा केला, गावोगावच्या बारक्या भट्ट्या बंद करून दारू मोठ्या कारखान्यांत नेली. 1892 ला मोहाच्या फुलांचा कायदा आला, तेव्हा ठाणे-कुलाब्याकडच्या आदिवाशानं फुलं वेचून घरात ठेवायचीसुद्धा चोरी झाली. माणसाचं भलं व्हावं म्हणून हे चाललं नव्हतं, महसूल सरकारच्या पेटीत पडावा म्हणून चाललं होतं. जोतीरावांनी हे ओळखलं होतं. 1880 साली पुण्याच्या नगरपालिकेत असताना त्यांनी दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिलं.

आता एक गोष्ट, जी आपल्या व्याख्यानांत कमी येते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या 1951 च्या जाहीरनाम्यात दारूबंदीला विरोध आहे. बाबासाहेब स्वतः न पिणारे, पाच वर्षांनी प्रतिज्ञा देणारे, तरी विरोध. एक कारण महसूल बुडतो हे. दुसरं कारण मला जास्त लागतं: बंदीमुळे दारू गाळणं घरात शिरलं, बायकापोरांच्या देखत चालू झालं. मावशीच्या झोपडीत जाऊन बघा. चुलीच्या एका बाजूला देग, दुसऱ्या बाजूला नातीचं दप्तर. या दोन गोष्टींत मला विसंगती दिसत नाही. पिऊ नका हे माणसाला सांगायचं असतं, आणि बंदीचा हिशोब सरकारला विचारायचा असतं. आपण मात्र दोन्ही सोडून बाईच्या चुलीवर पहार घालतो.

आणखी एक. डिसेंबर 2004 मध्ये विक्रोळीला 87 माणसं मेली, जून 2015 मध्ये मालवणीला शंभरावर. ती गुळाच्या आंबवणीनं मेली नाहीत, कारखान्यातलं मिथेनॉल दारू म्हणून विकलं त्यानं मेली. बातमीत मात्र सगळी हातभट्टीच. याचा अर्थ हातभट्टी निर्मळ आहे असा कुणी काढू नये. ज्या बॅरलवर काय होतं हे वाचताही येत नाही त्यात मुरलेलं पोटात जातं, हे मी रोज बघतो.

आणि वस्तू तीच असते हो! कनौजला अत्तर गाळतात, तांब्याच्या भांड्याला देग म्हणतात, ज्यात अत्तर जमतं त्याला भपका. तिथं ती देग बघायला पाव्हणे येतात. गोव्यात काजूची फेणी गाळतात, त्या भांड्याला भाण म्हणतात, फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हीच रचना काचेची, तिला कंडेन्सर म्हणतात, पोरं आकृती काढून मार्क घेतात. आमच्या गल्लीत तिचं नाव मुद्देमाल. वाफ करायची, गार करायची, थेंब धरायचा. विज्ञान एकच. दार कुणाचं आहे त्यावर नाव ठरतं.

मावशी मला म्हणाली, "फोडायला लई पोरं येत्यात रं. ही चूल इझली की सांच्याला काय शिजवायचं ते सांगाया एक बी येत न्हाई." मी तिला विचारलं, मावशी तुला काय काय येतं? ती हसली. म्हणाली, जाळ धरायला येतो, वाफ कुठनं चुकतीय ते वासावरनं कळतं, लेप लावायला येतो, पाणी कधी बदलायचं ते हाताला कळतं. अरे, हे तर गाळणीचं सगळं शास्त्र आलं! भट्टी गेली पाहिजे, पण हे हात कशाला वाया घालवायचे? 2021 साली सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' म्हणून मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी भट्टी सोडणाऱ्यांना शिलाईसारख्या कामाला लावायचं धरलं. पोलिसांना जे सुचलं ते चळवळीला सुचू नये? आणि गाळणीच्याच हाताला गाळणीचंच दुसरं काम का नको? गवती चहाचं तेल. साबणाला, अगरबत्तीला, फिनेलला लागतं.

मग मी सुट्टीच्या दिवशी बाजार पालथा घातला. पाहिलं ते सांगतो, कारण नवख्याला दुकानदार नागवतो.

काचेचा सेट बघून डोळे दिपतात. घेऊ नका. झोपडीत काच टिकत नाही आणि एक तुकडा फुटला की सगळं अडतं. तांब्याची देग उत्तम, पण तिची किंमत म्हणजे माझे दोन पगार. जुनी जर्मनची देग फुकट आहे म्हणून तीच वापरू, असं मावशी म्हणाली. मी नको म्हणालो. नवसागरानं जर्मनला खड्डे पडलेले असतात, वास मुरलेला असतो, आणि धाड आली तर तीच देग बघून कुणी तेलाचं ऐकून घेणार नाही. आमचं ठरलं ते दूधवाल्याचा चाळीस लिटरचा स्टीलचा जुना कॅन. तोंड रुंद, बूड जाड, जोड कमी. आत बुडापासून चार बोटांवर भोकांची जाळी, म्हणजे पाला पाण्यात उकडत नाही, नुसती वाफ खातो, आणि करपत नाही. करपला की तेलाला जळका वास लागतो, मग ते कुणी घेत नाही.

झाकणाला रबर लावू नका. हे तेल रबर खातं आणि रबराचा वास तेलाला येतो. कणकेचा लेप लावा. मावशीला हे सांगावं लागलं नाही. कणकेत एक शहाणपण असं की आत वाफ कोंडली तर आधी कणीक सुटते, कॅन फुटत नाही. म्हणूनच वाफेच्या वाटेवर तोटी बसवायची नाही, कुठंही नाही. नळी वरून खाली उतरती, मध्ये झोळ पडता कामा नये. झोळात पाणी साचलं की वाट बंद.

नळी फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्याकडे तांब्याची मिळते, तुकड्यात स्वस्त. अर्ध्या इंचाची घ्या, बारीक नको. आतलं मशीनचं तेल नीट धुऊन टाका, आणि जोड शिश्याच्या डागाचा असेल तर ती नळी परत करा. तिचं वेटोळं करून पाण्याच्या बॅरलात बसवायचं. बॅरल इथं चालतं, कारण पाणी तेलाला शिवत नाही. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा मोठं बॅरल लागतं. गार पाणी खालून सोडा, तापलेलं वरून निघेल. ते पाणी फेकायचं नाही. आंघोळीला, धुण्याला.

खर्च करायचाच असेल तर एका वस्तूवर करा: तेल वेगळं काढायची काचेची तोटीवाली नरसाळी. तेल पाण्यावर तरंगतं, खालचं पाणी सोडून दिलं की तेल उरतं. बाटलीतून चमच्यानं काढत बसलात तर निम्मं तेल चमच्यालाच.

कारण तेल फार थोडं निघतं, मित्रांनो. शंभर किलो ओल्या पाल्याला तीनशे ते पाचशे ग्रॅम. हे आधीच बाईला सांगा, नाहीतर पहिल्या दिवशी ती शिव्या घालेल आणि दुसऱ्या दिवशी गूळ आणेल. मोगरा, गुलाब, वाळा असल्या नादी सुरुवातीला लागू नका. गुलाबाचं तेल पाल्याच्या तेलाच्या दहाव्या हिश्श्यानंसुद्धा निघत नाही, वाळ्याला दिवसदिवस जाळ घालावा लागतो.

कॅन घ्यायच्या आधी आम्ही पाच लिटरच्या कुकरवर हात बसवला. शिट्टी काढली, त्या जागी नळी. अर्धा किलो चिरलेला पाला, दीड-दोन ग्रॅम तेल. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र काढू नका, आणि कुकर गळ्यापर्यंत भरू नका. पाला भोकात अडकला तर तो बॉम्ब आहे. मावशीनं ते दोन ग्रॅम बोटावर घेतलं, नातीच्या दप्तराला पुसलं. दप्तराला आतापर्यंत कसला वास यायचा ते नातीला वर्गात रोज ऐकवलं जायचं.

कागदाचं बघा. उद्यम नोंदणी फुकट होते, मोबाईलवरून होते. त्याचा छापील कागद, कॅनची पावती, नळीची पावती एका पिशवीत घालून देगेच्या जवळच टांगा. आमच्याकडे एकदा दोघं आले, नळीचं वेटोळं बघितलं आणि मावशीचा दंड धरला. हुंगायला सांगितलं, हुंगलं नाही. कागद वाचले, मग गेले. तिच्यावर जुन्या केसेस आहेत त्या काही या कागदानं मिटत नाहीत. त्यासाठी आपल्यातल्या वकिली शिकणाऱ्यांनी तिच्या तारखेला येऊन उभं राहायला पाहिजे.

अडचण पाल्याची आहे. आमच्या गल्लीत कुंडीएवढी माती नाही. कुणाच्या भावाचं शेत पाटाच्या कडेला असेल तर बांधावर गवती चहा लावू द्या, अर्धं तेल त्याचं. तेल घेणारा साबणवाला माहीत असेल तर त्याचंही नाव कळवा. पहिला चाळीस लिटरचा कॅन येत्या रविवारी चढवतोय, पाला मोहोळकडून येतोय. चिरायला या. विळे दोनच आहेत, आपापला घेऊन या.