आंगोलाचं पाणी

आमच्या माहुरात पाणी येतं ते आभाळातून, नाहीतर टँकरनं. त्यामुळे ढगाचा ठिपका नसताना, ऐन कोरड्या हंगामात नदीला पूर येतो, हे मुलानं सांगितलं तेव्हा मला खरं वाटलं नाही. तो जोहान्सबर्गला नोकरीला. 2018 च्या जुलैत त्यानं मला बोट्स्वानातल्या ओकावांगोच्या पाणथळीत नेलं.

छावणी म्हणजे मोजके तंबू. खाली लाकडी फलाट, वर जाड कॅनव्हास, रात्री अंथरुणात गरम पाण्याची पिशवी. कुंपण नाही, अंधार पडला की सोबतीला माणूस आल्याशिवाय तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही. पाहुणे थोडे आणि दर चढे, हे त्या देशानं समजून-उमजून ठरवलेलं. जंगल राखायचं तर तेच बरोबर, असं मला आजही वाटतं.

पण माझ्यावर ऋण आहे ते तिथल्या नावाड्याचं. पन्नाशीतला, बायेई समाजाचा. मोकोरो ही अरुंद होडी या पाणथळीत आणली त्याच्याच पूर्वजांनी. पूर्वी ती एका खोडातून कोरत. आता झाडं वाचावीत म्हणून बहुतेक फायबरची. तो मागे उभा राहून लांब काठीनं ती रेटायचा. मला 'मा' म्हणायचा. थोरल्या बाईला तिकडे तसंच म्हणतात.

पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, तुमच्या गावाला नदी आहे का? मी पैनगंगेचं सांगितलं, उन्हाळ्यात तिचे नुसते डोह उरतात तेही सांगितलं. मग लातूरचं निघालं. एप्रिल 2016 मध्ये तिथं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मुलगा इंग्रजीत सांगत होता. नावाड्याची काठी थांबली. "प्यायचं पाणी, रेल्वेनं?" त्यानं पुन्हा विचारून घेतलं आणि किनारा येईपर्यंत गप्प राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे आडवे झाले होते. त्याचीही ती विसाव्याची वेळ. तो तंबूपाशी आला. "मा, पाणी येतंय. बघायला चला." थोडं होडीतून, मग पायी. माझे गुडघे धरतात हे ओळखून घडीची खुर्ची त्यानं आपणहून खांद्यावर घेतली होती.

वाळकं गवत, भेगाळलेली माती, हत्तीची जुनी लीद. आणि समोर पाण्याची कड. आंगोलाच्या डोंगरात तिकडच्या उन्हाळ्यात पडलेला तो पाऊस. पाणथळीची जमीन इतकी सपाट, की अडीचशे किलोमीटर ओलांडायला पुराला चारेक महिने लागतात. समुद्र त्याच्या नशिबी नाही. कलहारीच्या वाळूत जिरून आणि उन्हानं उडून ते संपतं.

ती कड मुंगीच्या चालीनं सरकत होती. तिच्यावर फेस, काडीकचरा. भेग लागली की पाणी आत उतरायचं, बुडबुडे वर यायचे, भेग तुडुंब भरली की पुढं. नाकतोडे उड्या मारत पळत होते आणि बगळे त्यांना टिपत होते. नावाड्यानं हातभर पुढं एक काडी रोवली आणि माझ्याशेजारी उकिडवा बसला. पाणी काडीला लागलं तेव्हा मी उठले, बोटं बुडवून कपाळाला लावली. काही न विचारता त्यानंही तसंच केलं. मला रडू आवरेना. माझ्या माणसांनी घागरी घेऊन रात्री जागवलेल्या, आणि इथं पाणी आपल्या पायांनी चालत येत होतं.

निघताना पेटीत बक्षिशी टाकली. ती सगळ्यांत वाटली जाते. त्या दुपारची फेड तिच्यात कशी व्हावी?

तेव्हापासून पाणी कुठवर आलं याचा निरोप तो मुलाच्या फोनवर धाडतो. 2019 मध्ये दुष्काळ पडला, तिथल्या माउन गावची नदी कोरडी राहिली. त्या नवरात्रात मी गडावर रेणुकाआईला त्याच्या नावानं विडा वाहिला. 2020 ला पाणी भरभरून आलं, पण कोरोनानं छावण्या बंद. मुलाकरवी मी थोडे पैसे पाठवले, तर नको म्हणाला. मग मीच आवाज भरून पाठवला: मा म्हणतोस ना, मग ऐकायचं. मुलानं खाली इंग्रजीत लिहिलं. तेव्हा कुठं त्यानं घेतले. त्यातून जाळं आणलं, आणि छावणी उघडेपर्यंत त्याचं घर माशांवर चाललं.