मामांच्या क्रेनचा कॅम

'कॅम' म्हटलं की आपल्या होस्टेलवर दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे टीओएमची शीट, जी आपण सबमिशनच्या आदल्या रात्री काचेखाली ट्यूब लावून जीटी मारतो. दुसरी म्हणजे 'प्रेशर अँगल म्हणजे काय?' हा व्हायवातला प्रश्न, ज्यावर आपण सरांच्या मागच्या खिडकीकडे बघत बसतो. मीही यातलाच. टीओएमला मला बरोबर 40 मार्क, म्हणजे काठावर पास. असा मी एका इंजिनाचा कॅमशाफ्ट निवडायला बसलो, त्याची ही गोष्ट.

माझे मामा खंबाटकी घाटाच्या पायथ्याला असतात. त्यांची एक क्रेन आहे. क्रेन म्हणजे जुन्या टाटा ट्रकच्या चेसीवर मागे बूम आणि विंच बसवलेली गाडी. घाटात ट्रक बंद पडला की मामांचा फोन वाजतो, मग ते जाऊन टोचन लावून गाडी ओढून आणतात. गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी, पण इंजिन नावाजलेलं, 697. सहा सिलिंडर आणि 97 मिमी बोअर, म्हणून 697. स्ट्रोक 128 मिमी. कॅल्सीवर टाकून बघा, 5675 सीसी येतात.

सेकंड इयरची परीक्षा संपवून मी मे महिन्यात मामांकडे गेलो, तर क्रेन गॅरेजमध्ये उभी. चढाला ओढ मारत नव्हती, धूर काळा, आणि एका टॅपेटचा 'टक टक' आवाज. गॅप कितीही सेट केला तरी आठ दिवसांत परत वाढायचा. मिस्त्रींनी (त्यांना सगळे चाचा म्हणतात) साइड कव्हर काढून दाखवलं. चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट कॅम झिजून नाकाडच गेलं होतं. मी लेथवाल्याकडून डायल गेज आणून लिफ्ट मोजली. शेजारच्या कॅमपेक्षा सव्वादोन मिमी कमी! म्हणजे जळालेला गॅस धड बाहेर पडत नव्हता, मग नवी हवा आत येणार कुठून?

आता कॅमशाफ्ट बदलायचा हे ठरलं. पण कुठला? मामांचं म्हणणं, भंगारातला जुना आणू, स्वस्तात पडेल. पावसाळा तोंडावर होता, हप्ते चालू होते. चाचा म्हणाले, कंपनीच्या मापाचा नवा घ्या आणि बाराच्या बारा टॅपेट नवे टाका. आणि मी? मी नेटवर रेसिंगच्या गाड्यांचं बरंच वाचलं होतं. मी म्हणालो, "मामा, नवाच करायचा तर जास्त ड्युरेशनचा प्रोफाइल ग्राइंड करून घेऊ. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहिला की जास्त हवा, जास्त हवा म्हणजे जास्त पॉवर."

मला वाटलं होतं मामा हसतील. पण ते चाचांना म्हणाले, "आमचे भाचेबुवा इंजिनिअरिंगला हायेत. ते म्हणतील तसं करा."

खरं सांगतो, पोटात गोळा आला. माझी पहिल्या वर्षाची होस्टेलची फी याच क्रेनच्या पैशातून गेली होती. आजवर माझं उत्तर चुकलं तर फार तर माझे मार्क जायचे. इथे चुकलं तर मामांचा धंदा जाणार होता.

चाचा काही बोलले नाहीत. चहा पिऊन झाल्यावर एवढंच विचारलं, "बाळा, पिस्टन एकदम वर आला की हेड आन् पिस्टनच्या मधी जागा किती?"

"डिझेल आहे... एक मिलिमीटरच्या आसपास."

"मग तुझा व्हॉल्व्ह त्या टायमाला उघडाच ऱ्हायला तर जाणार कुठं?"

मी गप्प. इतक्या व्हायवा दिल्या, पण असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ड्युरेशन वाढवली की ओव्हरलॅप वाढतो, म्हणजे टीडीसीला दोन्ही व्हॉल्व्ह बरेच उघडे राहतात. पेट्रोल इंजिनात पुष्कळदा तेवढी जागा असते. डिझेलमध्ये पिस्टन सरळ व्हॉल्व्हवर आदळणार.

त्या रात्री ओसरीवर वही घेऊन बसलो. धरलं की व्हॉल्व्ह नाही आदळले, तरी ओढ वाढेल का? इनलेट व्हॉल्व्ह बीडीसीनंतर थोडा उशिरा बंद होतो, हे आपण व्हॉल्व्ह टायमिंग डायग्राममध्ये काढतो. कनेक्टिंग रॉड 230 मिमी धरून हिशोब केला. व्हॉल्व्ह बीडीसीनंतर 40 अंशांवर बंद झाला तर तोवर पिस्टन साधारण 11 मिमी वर आलेला असतो. 70 अंशांवर बंद झाला तर 34 मिमी! इंजिन जोरात फिरत असेल तर आत येणाऱ्या हवेला वेग असतो, पिस्टन वर येत असला तरी ती आत घुसत राहते. पण हळू फिरणाऱ्या इंजिनात तीच हवा आल्या वाटेने परत बाहेर. 17:1 कॉम्प्रेशन धरलं तर पहिल्या कॅमला हाती राहतं साधारण 15.6 आणि दुसऱ्याला फक्त 12.7. थंडीच्या पहाटे अशी गाडी सुरूसुद्धा व्हायची नाही.

आणि टोचन लावून घाट चढणारी गाडी जोरात फिरते का कधी? मागे भरलेला ट्रक, गिअर पहिला नाहीतर दुसरा, इंजिन हजार-बाराशे आरपीएमवर कण्हत असतं. त्यात गव्हर्नर तीन हजारांच्या पुढे जाऊच देत नाही. म्हणजे माझ्या रेसिंग कॅमची पॉवर जिथे मिळणार, तिथे ही गाडी जन्मात पोचणार नव्हती. टोचनाला पॉवर नको, खालचा टॉर्क हवा. त्यासाठी व्हॉल्व्ह वेळेत बंद व्हायला हवा. आणि कंपनीचा कॅम नेमका तसाच होता.

सकाळी मी मामांना म्हणालो, "मी चुकलो. चाचा म्हणतात तेच करा." त्यांना भंगारातला का नको तेही सांगितलं. कॅमच्या वर कडक थर असतो, तो एकदा झिजला की आतला मऊ लोखंडी भाग टिकत नाही. जुना टॅपेट जुन्या कॅमवर बसलेला असतो, तो नव्या जोडीदाराला खातो. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि पैशाची तजवीज केली. मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

फिटिंगला मी चाचांच्या हाताखाली होतो. टायमिंग गिअरच्या खुणा जुळवल्या, कॅमवर ग्रीस चोपडलं, मग इंजिन हाताने पूर्ण दोन वेळा फिरवून बघितलं. दोनच का? क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो म्हणून. (हे मात्र मला आलं!) सुरू झाल्यावर चाचांनी गाडी स्लोवर सोडली नाही, वीस मिनिटं रेस धरून ठेवली. कॅमला क्रँकवरून उडालेलं ऑइल मिळायला हवं, नाहीतर नवा कॅम पहिल्याच दिवशी घासतो.

चौथ्या दिवशी रात्री फोन आला. कांद्याचा ट्रक घाटात बंद. मी मामांच्या शेजारी केबिनमध्ये होतो. वळणावर इंजिन इतकं खाली आलं, की आता बंद पडतंय असं वाटून मी सीट घट्ट धरली. पण ते बंद पडलं नाही. हळूहळू ओढत राहिलं. मामा पुढे बघतच म्हणाले, "बरोबर निवडला बघ तू."

मी निवडला नव्हता, पण तेव्हा ते बोलायचा धीर झाला नाही. म्हणून इथे लिहितो आहे.

ज्युनिअर्सना एकच सांगणं. शीटची जीटी मारा, आम्हीही मारली. पण मारताना एकदा तरी विचारा, हा कॅम कुठल्या गाडीत बसणार, आणि त्या गाडीच्या मागे काय बांधलेलं असणार?