काटा आणि कान

वैशाखांत वळवाचे ढग जमूं लागले, म्हणजे नांदेडास रात्रीं आम्हां हौशी बिनतारीवाल्यांच्या वांट्याला मुख्यतः कडकडाटच येतो. १६० मीटरच्या पट्ट्यावर शेंकडों मैलांवरची वीजहि कानाशीं येऊन फुटते. यंत्राचा काटा सातावर उसळतो. पण संदेश कोणता नि गोंगाट कोणता, हें त्या बापड्याला काय ठाऊक? अंकागणिक विद्युद्दाब दुप्पट, या हिशेबानें पांचाचा आवाज सातापुढें चौथाईच ठरतो. तरी वीज सलग नसते. दोन कडकडाटांच्या फटींतून शब्द निसटून येतात, ते कानानेंच वेंचावे लागतात. म्हणूनच १९३४ पासूनच्या संकेतांत पहिला अंक सुबोधतेचा, १ ते ५; ताकदीचा त्यामागून, १ ते ९. पण शिष्टाचारापायीं सरसकट '५९' सांगण्याची रीत पडली आहे. मला ही सभ्यता रुचत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारीस भूकंप झाला, तेव्हां लातूर जिल्ह्यांत हौशी बिनतारीवालेहि निरोप पोंचवीत होते. अशा वेळीं गांवाचें नांव अर्धवट ऐकून 'उत्तम' म्हणणें कोणाच्या कामाचें? समोरच्याला राग आला तरी मी सांगतों, "दोन-पांच. गांवाचें नांव पुन्हां सांगा."