प्रोपेलरचा खरा आकडा

संपादकांची अट होती, की लेखात समीकरण एकही नको. मान्य. पण प्रोपेलरच्या चाचणीवर लिहायचं आणि कार्यक्षमतेच्या आकड्याबद्दल गप्प बसायचं, हे मला जमणार नाही. गेले काही महिने तोच आकडा डोक्यात घोळतो आहे.

ड्रोन बनवणारी एक तरुण मंडळींची कंपनी स्वतः घडवलेला कार्बन फायबरचा प्रोपेलर घेऊन बंगळुरूला आमच्या विंड टनेलमध्ये तपासायला आली. आधी त्यांनी तो दुसऱ्या एका विंड टनेलमध्ये तपासून घेतला होता. आमचा आकडा त्यांच्या हातातल्या आकड्यापेक्षा चार टक्क्यांनी कमी निघाला. "सर, मग खरा कुठला?" मी म्हटलं, दोन्ही मोजमापं नीट झाली आहेत. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं, की त्यांना ही टोलवाटोलवी वाटली.

लोकांना प्रोपेलरबद्दल एकच गोष्ट हवी असते: किती किलो ओढतो? टेबलावर मोटर बांधायची, काटा लावायचा आणि व्हिडिओ काढायचा. पण विमान जागेवर उभं असताना प्रोपेलरची कार्यक्षमता शून्य असते, मग तो कितीही जोरात ओढू दे. दर सेकंदाला होणारं उपयोगी काम म्हणजे ओढ गुणिले वेग, आणि इथे वेगच नाही. टेबलावर बहाद्दर ठरलेला प्रोपेलर पुष्कळदा उड्डाणात नापास होतो. चढाच्या गिअरमध्ये सपाट रस्त्यावर सायकल मारल्यासारखी त्याची गत होते. म्हणून आम्ही विचारतो, की एका फेऱ्यात विमान प्रोपेलरच्या व्यासाच्या किती पट पुढे सरकतं? या गुणोत्तराला आम्ही नुसतं 'जे' म्हणतो. 'जे' बदललं की कार्यक्षमता बदलते. म्हणजे मुळात एक आकडा नसतोच, एक वक्र असतो.

प्रोपेलर म्हणजे फिरणारा पंख, हे राइट बंधूंनी ओळखलं. त्यांनी १९०१ साली डेटनमध्ये छोटा टनेल बांधून पंखांचे नमुने तपासले आणि त्याच आकड्यांवरून १९०३ च्या विमानाचे प्रोपेलर कोरले. पुढे स्टॅनफर्डमध्ये ड्युरांड आणि लेस्ली यांनी १९१६ पासून दहा वर्षं तीन फुटी नमुन्यांच्या चाचण्या घेतल्या. तरी नमुना तो नमुनाच. एक चतुर्थांश आकाराच्या प्रोपेलरच्या टोकाला मूळ प्रोपेलरइतका वेग द्यायचा, तर तो चौपट फेऱ्यांनी फिरवावा लागतो. इतकं करूनही पात्यावरचा प्रवाह मूळच्यासारखा वागत नाही, कारण रेनॉल्ड्स अंक, म्हणजे हवेच्या चिकटपणापुढे तिच्या वेगाचा आणि वस्तूच्या आकाराचा किती प्रभाव पडतो ते सांगणारा आकडा, चौथाईवर येतो. ड्रोनचे प्रोपेलर जन्मतःच याच अडचणीत असतात. इलिनॉय विद्यापीठात ब्रँट आणि सेलिग यांनी असे ७९ छोटे प्रोपेलर तपासले आणि निष्कर्ष २०११ मध्ये मांडले. चांगल्याची कमाल कार्यक्षमता ६५ टक्क्यांच्या आसपास होती, अगदी वाईटाची २८. मोठ्या विमानांचे ८० टक्क्यांपुढचे आकडे ड्रोनच्या जाहिरातीत दिसले, की माझा रक्तदाब वाढतो.

आता भिंतींचं प्रकरण. इथे माझं पाल्हाळ सहन करा.

बंद टनेलमध्ये प्रोपेलर मधली हवा जोरात मागे फेकतो. पण टनेलच्या प्रत्येक छेदातून दर सेकंदाला तेवढीच हवा जायला हवी, म्हणून झोताच्या भोवतालची हवा मंदावते. मोकळ्या आकाशात असं होत नाही. परिणाम असा, की काट्यावर दिसणारी ओढ ही खरं तर थोड्या कमी वेगाला मिळणारी ओढ असते, आणि आपण हिशेबात टनेलचा पूर्ण वेग धरतो. कार्यक्षमता फुगते. हर्मन ग्लाउएर्ट यांनी यासाठीची दुरुस्ती १९२६ च्या आपल्या पुस्तकात दिली, ती आजही वापरतात. प्रोपेलरच्या चकतीने टनेलचा पाचवा हिस्सा व्यापला असेल आणि वेगाच्या मानाने ओढ बरीच असेल, तर ही दुरुस्ती सहा टक्क्यांच्या घरात जाते. ओढ अगदी हलकी असेल, तर जेमतेम एक टक्का. ड्रोन सावकाश उडतो आणि भरपूर ओढतो, म्हणजे नेमका पहिल्या प्रकारात बसतो. "दुरुस्ती किरकोळ असते" असं म्हणून ती गाळणाऱ्यांशी मी परिषदांमधून भांडत आलो आहे. आता ते मला पाहिलं की चहाकडे वळतात.

पण त्यांच्या आणि आमच्या आकड्यातला चार टक्क्यांचा फरक एवढ्याने भरून निघाला नाही. उरलेला वाटा प्रोपेलरच्या मागे काय आहे, याचा असावा. प्रोपेलर ज्यावर बसवतात तो खांब आधीच्या टनेलमध्ये जाड होता, आमचा सडपातळ आहे. मागे जाड वस्तू असली, की प्रोपेलरपाशी येणारी हवा मंदावते आणि तो जास्त ओढतो. तो झोत त्याच वस्तूवर आदळून तिचा अवरोध वाढवतो, ही वजाबाकी मात्र काट्यावर दिसत नाही. ती दिसावी म्हणूनच अमेरिकेत लँग्लीला १९२७ मध्ये वीस फुटी प्रोपेलर टनेल उभा राहिला. गावची वीज पुरत नव्हती, म्हणून पाणबुडीची प्रत्येकी हजार अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिनं लावून तो चालवला. त्यात पूर्ण आकाराचा प्रोपेलर इंजिन आणि धडासकट बसे. आपल्या देशी 'सरस'सारख्या विमानात तर प्रोपेलर मागे असतो, आणि पुढच्या भागांनी ढवळलेल्या हवेतूनच पाती फिरतात. तिथे सुट्या प्रोपेलरचा आकडा फारसा कामाचा नाही.

आमच्या क्षेत्रात मराठी माणसाला अभिमान वाटावा, असं एक नाव आहे: विष्णू माधव घाटगे. ते जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिकीचे आचार्य प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकले. तिथेच १९१९ मध्ये बेट्झ यांनी कमीत कमी ऊर्जा वाया घालवणाऱ्या प्रोपेलरचा सिद्धांत मांडला होता. घाटग्यांचं 'एचटी-२' हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडालं. त्यांचं नाव घेतलं, की आजही तरुण अभियंते कोरा चेहरा करतात. ड्रोनच्या किमती मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

असो. त्या कंपनीला आम्ही दुरुस्तीसह आणि दुरुस्तीविना, असे दोन्ही आकडे दिले, सोबत चार पानी खुलासा दिला. माहितीपत्रकात त्यांनी कुठला छापला, हे वेगळं सांगायला नको. त्यांचा राग येत नाही. गिऱ्हाईक चार पानं वाचत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. पण मग आम्ही इतक्या काटेकोरपणे मोजतो ते कोणासाठी, असं कधीकधी वाटतं.

हल्ली मी अहवालाच्या पहिल्या पानावर आकडा देणं बंद केलं आहे. तिथे फक्त आलेख असतो, आणि त्याखाली टनेलचा आकार, खांबाची जाडी आणि केलेली दुरुस्ती. ग्राहक कुरकुरतात. कुरकुरू देत. आलेखातून एक आकडा उचलायचा, तर बोट कुठे ठेवायचं हे उचलणाऱ्याला स्वतः ठरवावं लागतं, आणि पुढे कोणी विचारलं तर त्याचं उत्तरही त्यालाच द्यावं लागतं.